गायस : रोमन विधिज्ञ

गायस : (इ. स. दुसरे शतक). रोमन विधिज्ञ आणि कायद्याचा शिक्षक. त्याचे पूर्ण नाव काळाच्या ओघात हरवले. रोमन पुरुषाला साधारणपणे तीन नावे असत; त्यांतले केवळ पहिले नाव मागे उरले, आणि तेही रोममध्ये घरोघरी आढळणारे. त्याचा काळ त्याच्याच लिखाणावरून ठरवावा लागतो. अलेक्झांड्रियाच्या एका बाईला एकाच वेळी पाच मुले झाली आणि तिला सम्राट हेड्रिअनपुढे आणले गेले, ही घटना तो ‘आपल्या काळातली’ म्हणून सांगतो. हेड्रिअनची कारकीर्द ११७ ते १३८ अशी होती. उलट १७८ सालच्या सेनेटच्या एका ठरावावरही त्याने लिहिले आहे. म्हणजे या दोहोंमधली किमान चाळीस वर्षे तरी तो हयात होता. तो पूर्वेकडच्या एखाद्या प्रांतात शिकवत असावा, असे थिओडोर मोमसेन या जर्मन इतिहासकाराचे मत होते. ते सर्वांना मान्य नाही.

त्याच्या काळात रोमन विधिज्ञांचे साबिनियन आणि प्रोक्युलियन असे दोन पंथ होते. गायस पहिल्या पंथाचा. साबिनियनांना तो ‘आमचे गुरू’ म्हणतो, पण विरुद्ध बाजूचे म्हणणेही नीट मांडतो. ‘बारा पाट्या’ या रोमच्या सर्वांत जुन्या लिखित कायद्यावर त्याने सहा खंडांचे भाष्य लिहिले. प्रांतांतील राज्यपालांच्या आज्ञापत्रावरही त्याचे मोठे भाष्य होते. तरी त्याची खरी ओळख म्हणजे ‘इन्स्टिट्यूशनेस’ हे सुमारे १६१ सालचे चार भागांचे पाठ्यपुस्तक.

या पुस्तकातले एक वाक्य पुढच्या बऱ्याच कायदेलेखनाचा पाया ठरले : आपण वापरतो तो सर्व कायदा व्यक्तींविषयी, वस्तूंविषयी किंवा दाव्यांविषयी असतो. आज हे उघड वाटते. पण त्याआधीचे विधिज्ञ मुख्यतः एकेका प्रकरणावर मत देत. विखुरलेल्या निवाड्यांच्या ढिगाऱ्यातून विद्यार्थ्याला वाट काढून देणारा हा शिक्षक होता. म्हणून त्याची उदाहरणेही लक्षात राहतात. एकाने आपल्या द्राक्षवेली तोडल्याचा दावा लावला आणि तो हरला, कारण दाव्यात त्याने ‘वेली’ म्हटले. ‘बारा पाट्यां’त शब्द होता ‘झाडे’. जुन्या पद्धतीत एका शब्दाची चूकही किती महाग पडे, हे यातून विद्यार्थ्याला एका क्षणात कळते.

दुसऱ्याच्या चर्मपत्रावर कोणी सोन्याच्या अक्षरांत लिहिले तरी ते लेखन चर्मपत्राच्या मालकाचे होते. मात्र दुसऱ्याच्या फळीवर चित्र काढले, तर त्याच्या काळचे बहुतेक विधिज्ञ फळी चित्रकाराची मानत. या फरकाला पुरेसे कारण दिसत नाही, असे गायस स्पष्ट लिहितो. हीच सचोटी स्त्रियांच्या पालकत्वाबद्दल दिसते. वयात आलेल्या स्त्रीलाही रोममध्ये पालक लागे, आणि स्त्रिया चंचल असल्याने सहज फसतात असे कारण सांगितले जाई. हे कारण खरे नसून केवळ वरवर पटणारे आहे, असे त्याने नोंदवले. प्रौढ स्त्रिया आपले व्यवहार स्वतःच पाहतात आणि पालकाची संमती अनेकदा नावापुरती असते, हे तो डोळ्यांनी पाहत होता. मात्र सर्व माणसे एकतर स्वतंत्र किंवा गुलाम, ही विभागणी त्याने निमूटपणे स्वीकारली. त्याच्या मोठेपणाची ही मर्यादाही सांगायलाच हवी.

हयातीत त्याला मान्यता मिळाल्याचे दिसत नाही. लगतच्या पिढ्यांतले मोठे विधिज्ञ त्याचा आधार घेत नाहीत. विद्यार्थ्यांनी मात्र त्याचे पुस्तक जिवंत ठेवले. ४२६ साली एका शाही कायद्याने ज्या पाच विधिज्ञांची मते न्यायालयात ग्राह्य ठरवली, त्यांत पापिनियन, पॉलस, उल्पियन व मोडेस्टिनस यांच्या जोडीने गायस आला. ५३३ साली सम्राट जस्टिनियनने नवे पाठ्यपुस्तक करवून घेतले, तेव्हा त्याचा साचा गायसचाच होता. सम्राटाने त्याला ‘आमचा गायस’ म्हटले. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत व्यक्ती आणि वस्तू हा क्रम दिसतो; दाव्यांची रीत वेगळ्या संहितेत गेली. गोव्यात लागू झालेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता याच रोमन परंपरेतली असली, तरी तिची मांडणी गायसची नाही.

जस्टिनियनचे पुस्तक आल्यावर मूळ ग्रंथ मागे पडला व दिसेनासा झाला. १८१६ मध्ये जर्मन इतिहासकार नीबूर याला व्हेरोनाच्या धर्मपीठाच्या ग्रंथालयात एक हस्तलिखित सापडले. वर संत जेरोमची पत्रे, खाली खरवडून पुसलेली जुनी अक्षरे. तो मजकूर गायसचा, हे जर्मन विधिज्ञ साव्हिन्यीने ओळखले. जर्मन विद्वान ग्योशेनने पुढे तो वाचून १८२० मध्ये पहिली आवृत्ती काढली. अक्षरे उठून दिसावीत म्हणून रसायने लावली गेली आणि त्यांनी काही पानांची हानीच केली. चर्मपत्राची मालकी शिकवणाऱ्याच्याच ओळींवर दुसऱ्याचे लेखन चढावे, हे मनाला लागते.

व्हेरोनाच्या प्रतीत काही जागा कोऱ्याच राहिल्या होत्या. त्यांतल्या काही १९३३ मध्ये इजिप्तमध्ये मिळालेल्या चर्मपत्राच्या तुकड्यांनी भरल्या. वडिलांच्या मृत्यूनंतर भावंडांनी मिळकत न वाटता एकत्र धरून ठेवण्याची जुनी रोमन प्रथा त्यात वर्णिली आहे; एकत्र कुटुंबाच्या जमिनीचे सातबारे पाहिलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. अशा भावांपैकी एकाने सामाईक गुलामाला मुक्त केले, तर तो सगळ्यांच्याच वतीने मुक्त होई.