प्रीरनर

प्रीरनर : वाळवंटातील खाचखळग्यांच्या कच्च्या वाटांवरून अतिवेगाने नेता यावा म्हणून सस्पेन्शन (चाके गाडीला जोडणारी आणि धक्के पचवणारी रचना) मुळापासून बदललेला पिकअप ट्रक. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेले मेक्सिकोचे बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प हे या गाड्यांचे माहेर. लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वी संघ मार्गाची पाहणी करतात. ओढे, दगड, फसवी वळणे टिपून ठेवतात. त्यासाठी शर्यतीची महागडी गाडी झिजवण्याऐवजी तिच्याच धाटणीची, पण दिवे आणि नंबरप्लेट असलेली, रस्त्यावरही चालणारी दुसरी गाडी बांधली जाऊ लागली. पुढे शर्यतीशी संबंध नसलेल्या हौशी लोकांनीही हा प्रकार उचलला आणि आज बहुतेक प्रीरनर त्यांच्याच हाती आहेत.

या सगळ्यामागे बाहाची शर्यत आहे. 1962 मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन (धाकटे) यांनी होंडाच्या मोटारसायकलींवरून द्वीपकल्पाच्या उत्तरेकडील तिहुआना ते दक्षिणेकडील ला पाझ हे अंतर कापले. एकिन्सला 40 तासांना थोडाच कमी वेळ लागला. 1967 मध्ये याच दोन गावांदरम्यान पहिली रीतसर शर्यत झाली आणि ती एका ‘बग्गी’ने, म्हणजे हलक्या उघड्या मोटारगाडीने, जिंकली. मिकी थॉम्पसन यांनी 1973 मध्ये स्थापन केलेल्या ‘स्कोर’ संस्थेकडे पुढे या शर्यतीचे, म्हणजेच ‘बाहा 1000’चे, आयोजन आले. सुरुवातीच्या वर्षांत बग्ग्या आणि मोटारसायकलींचाच वरचष्मा होता. वजनदार पिकअपही सर्वांत आधी पोहोचू शकतो, हे शर्यतपटू वॉकर इव्हान्स यांनी 1979 मध्ये दाखवून दिले. 1994 मध्ये खास शर्यतीसाठी बांधलेल्या पिकअपचा ‘ट्रॉफी ट्रक’ हा स्वतंत्र वर्ग सुरू झाला आणि पिकअपचे सस्पेन्शन हेच या खेळाचे मुख्य तंत्र ठरले.

अडचण नेमकी कुठे येते? एकाच वाटेवरून शेकडो गाड्या गेल्या की जमिनीवर ओळीने उंचवटे तयार होतात. त्यांना ‘हूप्स’ म्हणतात; बाहातील सान फेलिपेच्या परिसरातील हूप्स तर कुप्रसिद्ध आहेत. ताशी 100 किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर अंतर कापते. उंचवटे सहा-सहा मीटरवर असतील तर प्रत्येक चाकाला सेकंदाला चार-पाच धक्के बसतात आणि हे कित्येक किलोमीटर चालू राहते. पहिल्या धक्क्यातून सस्पेन्शन सावरण्याआधी दुसरा आला, की गाडी दर उंचवट्यागणिक आणखी दबत जाते, शेवटी टेकते आणि मागची बाजू हवेत भिरकावली जाते. याशिवाय वाटेत गव्हाच्या पिठासारख्या मऊ धुळीचे पट्टे असतात. त्याखाली काय दडले आहे ते दिसत नाही.

नवख्यांचा पहिला गैरसमज उंचीबाबत असतो. ठोकळे घालून दोन-चार इंच उचललेली गाडी दिसते दणकट, पण वाळवंटात तिचा फारसा उपयोग नाही. गुरुत्वमध्य वर गेल्याने ती उलटण्याची शक्यताच वाढते. महत्त्वाची असते ती चाकाची चाल, म्हणजे पूर्ण लोंबलेल्या स्थितीपासून पूर्ण दबलेल्या स्थितीपर्यंत चाक किती वरखाली होऊ शकते ते अंतर. साध्या पिकअपमध्ये ही चाल आठ-नऊ इंचांच्या आसपास असते. चांगल्या प्रीरनरमध्ये पुढे 12 ते 18 इंच मिळते, तर ट्रॉफी ट्रकमध्ये पुढची चाल दोन फुटांच्या घरात जाते आणि मागची त्याहूनही जास्त असते. चाल जितकी लांब, तितका तोच धक्का जास्त अंतरावर आणि कमी जोराने पचवता येतो.

पुढच्या सस्पेन्शनचे दोन पंथ आहेत. फोर्डने 1965 पासून पिकअपना दिलेल्या ‘ट्विन आय-बीम’ रचनेत प्रत्येक चाक एका लांब तुळईवर असते आणि त्या तुळईची खुंटी चासीच्या विरुद्ध बाजूला असते. रचना जुनाट, पण मजबूत आणि स्वस्त. म्हणूनच 1983 ते 1997 या काळातील फोर्ड रेंजर आजही हौशी लोकांच्या आवडीच्या आहेत. या रचनेचा दोष असा की चाक वरखाली होताना कलतेही. गाडी हवेत असताना पुढच्या चाकांचे तळ आत वळलेले दिसतात. दुसऱ्या पंथात प्रत्येक चाकाला एक वर आणि एक खाली असे दोन ‘ए-आर्म’, म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचे दांडे, असतात. ते लांबवले की चाल वाढते, पण दोन्ही चाके तीन-चार इंच बाहेर सरकतात आणि त्यांना झाकायला फायबरचे रुंद मडगार्ड बसवावे लागतात. स्टिअरिंगचा दांडाही ए-आर्मच्याच वर्तुळाकार मार्गाने फिरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळू लागतात. बहुतेक प्रीरनरमध्ये फक्त मागच्या चाकांना जोर असतो, कारण पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारे ॲक्सल नसले की चालीवर बंधन राहत नाही. अलीकडे मात्र चारही चाकांना जोर देणारे ट्रॉफी ट्रकही धावतात.

मागे मुळात माल वाहण्यासाठी बसवलेले ताठ पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंग, असतात. हौदा रिकामा असताना हेच पाटे गाडीला लाथ मारतात. स्वस्तातला उपाय म्हणजे लांब आणि पातळ पानांचा संच घालणे. शेव्हर्लेच्या मोठ्या पिकअपचे 63 इंची पाटे लहान रेंजरला बसवण्याची जुनी युक्ती आहे. जास्त खर्चाची तयारी असेल तर पाटे काढून टाकून ॲक्सल लांब दांड्यांवर तोलतात आणि स्प्रिंग व शॉक हौद्याच्या तळाला भोक पाडून उभे करतात. मग हौद्यात नळ्यांचा पिंजरा आणि सुटे चाक एवढेच राहते, सामानाला जागा उरत नाही.

तरीही पैसा खर्चायचाच असेल तर तो शॉक ॲब्सॉर्बरवर आधी खर्चावा. स्प्रिंग ऊर्जा फक्त साठवते आणि परत देते; ती नाहीशी करण्याचे काम शॉकचे. दोन टन वजनाची गाडी एक मीटरवरून खाली पडली तर सुमारे 20 हजार जूल ऊर्जा क्षणार्धात जिरवावी लागते आणि ती शॉकमधील तेलाची उष्णता होते. साध्या शॉकमध्ये दट्ट्याचा (पिस्टनचा) व्यास सुमारे 35 मिमी आणि तेल थोडे असते. काही मिनिटांत तेल तापून पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक असून नसल्यासारखा होतो. म्हणून वाळवंटी शॉकच्या नळ्या अडीच, तीन, कधी चार इंच जाडीच्या असतात. जास्तीच्या तेलासाठी वेगळी टाकी जोडलेली असते आणि तेलाला फेस येऊ नये म्हणून एका सरकत्या दट्ट्यामागे नायट्रोजन वायू दाबाने भरलेला असतो.

याहून हुशार रचना म्हणजे ‘बायपास’ शॉक. त्याच्या मुख्य नळीला बाहेरून बारीक नळ्या जोडलेल्या असतात. दट्ट्या मध्यावर असताना तेल या आडवाटांनी निसटते, त्यामुळे लहान खडबड मऊपणे पचते. दट्ट्या टोकाकडे गेला की त्या वाटा मागे पडतात आणि शॉक ताठ होतो. प्रत्येक नळीवरच्या स्क्रूने तेलाची वाट कमी-जास्त करता येते. एकाच खडबडीत पट्ट्यावरून फेऱ्या मारत, स्क्रू थोडाथोडा फिरवत गाडी जुळवणे हा या छंदाचा निम्मा भाग आहे. चाक पूर्ण दबताना अखेरच्या काही इंचांत आदळू नये म्हणून हायड्रॉलिक बंपस्टॉप, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे अटकाव, असतात. चाक खाली लोंबताना शॉकवर ताण येऊ नये म्हणून जाड विणलेले पट्टे बांधलेले असतात. पट्टा किरकोळ वाटतो, पण तो नसेल तर हवेत उडालेल्या गाडीच्या चाकाचे वजन शॉकच्या दांड्यालाच ओढते.

एवढा मार सहन करायला मूळ चासी पुरत नाही. तिच्यावर पत्रे वेल्ड करून ती बळकट करतात आणि केबिनमध्ये सुरक्षा-पिंजरा बसवतात.

कारखान्यांनीही ही हवा ओळखली. टोयोटाने 1998 मध्ये टॅकोमा पिकअपची ‘प्रीरनर’ नावाचीच आवृत्ती काढली. तिला फोर-व्हील ड्राइव्ह गाडीची उंची होती, जोर मात्र मागच्याच चाकांना. फोर्डची एफ-150 रॅप्टर याहून बरीच पुढे गेली. 2010 च्या मॉडेलपासून ती अंतर्गत बायपास असलेल्या फॉक्स शॉकसह मिळू लागली आणि 2021 मध्ये तिच्या मागच्या पाट्यांची जागा कॉइल स्प्रिंगांनी घेतली.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ‘बाजा’ (‘बाहा’चाच वेगळा उच्चार) हे नाव ओळखीचे आहे ते एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या स्पर्धेमुळे. तिच्यासाठी महाविद्यालयांचे संघ एका आसनाची खडतर वाटेची गाडी स्वतः बांधतात. ए-आर्मची लांबी आणि चाकाच्या चालीचे गणित तिथेही तेच असते. रस्त्यावरच्या पिकअपवर मात्र असे प्रयोग भारतात करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती स्पष्ट शब्दांत अधोरेखित केली.