गोचीड

गोचीड हा जनावरांच्या, आणि प्रसंगी माणसाच्या, कातडीला चिकटून रक्त पिणारा बाह्यपरजीवी. उवा-पिसवांबरोबर त्याचे नाव घेतले जाते, पण तो कीटक नव्हे. कोळी-विंचवाच्या गोतातला आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, कात टाकल्यावर आठ होतात.

गाई-म्हशींच्या कानात, शेपटीखाली, गळ्याच्या पोळीवर आणि कासेवर गोचीड जास्त आढळतात. कानात बोट फिरवले की खरखरीत दाणे हाताला लागतात. काही मिलिमीटरची चपटी मादी रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म फुगते. हे साम्य रोमनांनाही दिसले होते: लॅटिनमध्ये ‘रिसिनस’ म्हणजे गोचीड, आणि एरंडाला ते नाव त्याच्या बीवरून पडले. आपल्याकडे आचळाशी बसूनही दूध सोडून रक्तच पिणारा गोचीड हा संतवाङ्मयातला जुना दृष्टान्त आहे.

पोट भरलेली मादी खाली गळते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांदीत किंवा शेणामातीत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. गोठ्यातल्या उपायांची गोम इथेच आहे. गाईवर दिसतात ते थोडे, बाकीचे गोठ्यात दबा धरून असतात. गाय फवारून गोठा तसाच ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तेच. म्हणून भेगा लिंपणे, चुना मारणे, फ्लेमगनने भिंती शेकणे आणि दोन-तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा करणे, हे सगळे एकत्र करावे लागते. गोठ्यात कोंबड्या सोडण्याची जुनी रीतही निरर्थक नाही. त्या गोचीड वेचून खातात. डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ अशी औषधे वापरात आहेत, पण अर्धवट मात्रेत एकच औषध वर्षानुवर्षे मारल्याने गोचीड त्याला दाद देईनासे होतात. आयव्हरमेक्टिन हे गोचिडावरचे औषध टोचलेल्या गाईचे दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत वापरायचे नसते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

रक्तापेक्षा मोठे नुकसान गोचिडांनी पसरवलेल्या रोगांनी होते. थायलेरियोसिसमध्ये सडकून ताप येतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, जनावर पांढरे पडते. संकरित गाई याला लवकर बळी पडतात, देशी गाई बऱ्याच अंशी तग धरतात. बबेसियोसिसमध्ये लघवी कॉफीसारखी लाल होते. शेतकरी दोन्हींना ‘गोचीड ताप’च म्हणतात, औषधे मात्र वेगळी आहेत, त्यामुळे रक्त तपासलेले बरे. बबेसियाचा जंतू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो. 1893 मध्ये स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी अमेरिकेतील ‘टेक्सास फीवर’ गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केले तो हाच रोग.

माणसांच्या बाबतीत आपल्याकडचे ठळक उदाहरण माकडतापाचे. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हा विषाणू शोधला. तो गोचीड पसरवतात. रोग पुढे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यांतही पोचला. काजूचा हंगाम आणि पातेरा गोळा करण्याचे दिवस कोरडे असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोहरीएवढी अर्धवाढीची पिल्ले झुडपांवर टपून असतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

अंगाला चिकटलेला गोचीड रॉकेल लावून किंवा बिडीचा चटका देऊन काढू नये; त्याने तो तोंडातला स्राव जखमेत सोडू शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा, पिरगळू नये. सोंडेला उलटे काटे असतात, ती आत तुटून राहते. जंगलात माकड मेलेले दिसले तर जवळ जाऊ नये, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे: माकड थंड पडले की त्याच्या अंगावरचे गोचीड नवे अंग शोधायला उतरतात.