मल्टिट्रॅक रेकॉर्डरमधला गोंधळ आला कुठून?

माइक जोडला, गेन (आत येणाऱ्या आवाजाचा जोर) वाढवला, लाल बटण दाबलं, तरी ट्रॅक कोराच. किंवा रेकॉर्डिंग नीट झालं, पण कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर गाणं कुठेच नाही, नुसत्या सुट्या फायली. डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर, म्हणजे प्रत्येक वाद्य किंवा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेणारं यंत्र, नव्याने घेणारे बहुतेक जण या दोन ठिकाणी अडतात. आजच्या यंत्रावरची निम्मी बटणं टेपच्या काळातली आहेत, निम्मी हार्ड डिस्कच्या. मॅन्युअल मात्र सगळी एका दमात सांगून मोकळं होतं.

सुरुवात अँपेक्स या टेपयंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीपासून करावी लागते. टेपयंत्रात रेकॉर्ड हेड आणि प्लेबॅक हेड वेगवेगळे असतात आणि त्यांच्यात थोडं अंतर असतं. त्यामुळे आधीचा ट्रॅक ऐकत दुसरा वाजवला, की दुसरा तेवढा मागे पडतो. अँपेक्सच्या ‘सेल-सिंक’ने रेकॉर्ड हेडलाच ऐकवण्याचं काम दिलं आणि हा फरक मिटवला. गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ मध्ये असं आठ ट्रॅकचं यंत्र पोचलं. आता प्रत्येक ट्रॅकला ‘तू ऐकव’ किंवा ‘तू रेकॉर्ड कर’ असं स्वतंत्रपणे सांगणं भाग होतं. ट्रॅक ‘आर्म’ करणं म्हणतात ते हेच. झूम कंपनीच्या आर१६ या रेकॉर्डरवर प्रत्येक फेडरजवळचं (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळीजवळचं) बटण हिरवं असेल तर ट्रॅक वाजतो, विझलेलं असेल तर म्यूट, म्हणजे गप्प, आणि लाल झालं तरच त्यावर रेकॉर्ड होतं. मोठं REC बटण फक्त यंत्राला रेकॉर्डसाठी तयार करतं. ट्रॅक लाल नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

घरात हे तंत्र आलं १९७९ मध्ये, टीअ‍ॅकच्या टॅस्कॅम १४४ पोर्टास्टुडिओबरोबर. साधी कॅसेट, पण चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि वेग दुप्पट, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे सी-६० कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं. ती कॅसेट साध्या डेकमध्ये घातली तर दोन ट्रॅक निम्म्या वेगाने ऐकू यायचे आणि पालटली की उरलेले दोन उलटे. गाणं कुणाला द्यायचं तर मिक्सरमधून दोन वायरी काढून दुसऱ्या डेकवर स्टिरिओ उतरवून घ्यावं लागे. मिक्सडाउन म्हणजे हे. आज दुसरा डेक नाही, पण ती पायरी आहेच. आर१६ च्या कार्डवर PROJ000 सारख्या फोल्डरमध्ये AUDIO फोल्डर असतो आणि त्यात सुट्या ट्रॅकच्या फायली. मास्टर ट्रॅक (सगळं एकत्र होऊन जिथे उतरतं तो) निवडून, गाणं वाजवत तो रेकॉर्ड केल्याशिवाय पूर्ण गाण्याची फाइल तयार होत नाही. टॅस्कॅमच्या डीपी-००८ या डिजिटल रेकॉर्डरवर त्याआधी IN आणि OUT, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा, बिंदू लावावे लागतात. OUT लवकर लागला तर शेवटची तान किंवा रिव्हर्बचं (घुमणाऱ्या आवाजाचं) शेपूट कापलं जातं.

‘बाउन्स’ही त्याच काळातला. तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र करायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. दर फेरीला खरखर वाढे आणि एकदा मिसळलेला तबला परत वेगळा काढता येत नसे. डिजिटलमध्ये खरखर वाढत नाही. मूळ ट्रॅक मात्र तसेच राहतात. बाउन्स झाल्यावर ते म्यूट केले नाहीत तर सगळं दुहेरी वाजतं, आणि लोक रेकॉर्डरला नावं ठेवतात.

लेव्हलच्या बाबतीत जुनी सवय सगळ्यात जास्त नडते. टेपवर सुई थोडी लाल भागात गेली तरी आवाज जरासा दबून गोड लागे. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नाही, लाट सरळ छाटली जाते. २४ बिटवर सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलदरम्यान ठेवला तरी भरपूर होतं.

१९९२ मध्ये अ‍ॅलेसिसचा एडॅट बाजारात आला: एस-व्हीएचएस या व्हिडिओ टेपवर आठ डिजिटल ट्रॅक, आणि अशी १६ यंत्रं जोडली तर १२८. टेप आधी फॉरमॅट करावी लागे आणि त्याला टेप पूर्ण चालायला लागतो तेवढाच वेळ लागे; व्हिडिओसाठीची १२० मिनिटांची टेप एडॅटमध्ये जास्त वेगाने फिरून सुमारे ४० मिनिटंच चाले.

खरी गुंतागुंत वाढली १९९६ च्या रोलंड व्हीएस-८८० पासून. हार्ड डिस्क, आठ ट्रॅक, प्रत्येकामागे आठ व्हर्च्युअल ट्रॅक (त्याच ट्रॅकचे पर्यायी थर, एका वेळी एकच वाजणारे), म्हणजे एकूण ६४, आणि ९९९ पायऱ्यांपर्यंत अन्डू. हे सगळं एका छोट्या पडद्यामागे. एका बटणाला दोन-तीन कामं आणि मेन्यूच्या पोटात मेन्यू, हे वळण घरच्या रेकॉर्डरना तेव्हापासून लागलं. गाणं सेव्ह न करता वीज बंद केली तर काम गेलंच. नव्या टेकसाठी (पुन्हा वाजवून घेण्यासाठी) व्हर्च्युअल ट्रॅक बदलायला विसरलं, की त्याच जागेवर नवं रेकॉर्ड होई. अशा वेळी पुढे जायच्या आत अन्डू करावं.

मेमरी कार्ड आल्यावर हार्ड डिस्कची घरघर थांबली, पण डीपी-००४ आणि डीपी-००८ मध्ये कार्डाचेच दोन भाग झाले: एक मल्टिट्रॅकचा, दुसरा फॅट (कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या पद्धतीचा). कॉम्प्युटरला दिसतो फक्त फॅट. तयार मास्टर आधी तिकडे एक्सपोर्ट करायचा, मगच यूएसबी जोडायची. जागेचा हिशेब सोपा आहे: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ५.३ एमबी. चार मिनिटांच्या आठ ट्रॅकच्या भजनाला १७० एमबी धरा. २४ बिटवर दीडपट.

२००९ च्या आर१६ ने आणखी एक थर चढवला: तेच यंत्र कॉम्प्युटरसाठी आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेसही, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं साधनही, झालं. इनपुट सगळे सारखे दिसतात, पण तसे नाहीत. इलेक्ट्रिक गिटार थेट लावायची हाय-झी सोय फक्त १ वर आहे आणि कंडेन्सर (बाहेरून वीज लागणाऱ्या) माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर फक्त ५ आणि ६ वर. तबल्याचे दोन कंडेन्सर माइक १ आणि २ मध्ये लावून गेन कितीही फिरवला तरी त्यांना वीजच मिळत नाही. यूएसबी जोडल्यावरही यंत्राला सांगावं लागतं की ते आत्ता ऑडिओ इंटरफेस आहे की कार्ड रीडर. फायली उतरवून घ्यायच्या असतील तर कार्ड रीडर निवडा आणि केबल काढण्याआधी कॉम्प्युटरवरून इजेक्ट करा.