सममिती आणि अक्षय्यता नियम (मूलकण भौतिकी)

एखादा बदल करूनही निसर्गाचे नियम जसेच्या तसे राहिले, तर त्या बदलाला सममिती म्हणतात. टकरीत किंवा ऱ्हासात ज्या राशीची बेरीज आधी आणि नंतर तीच भरते, ती राशी अक्षय्य. या दोहोंचे नाते एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये ग्यॉटिंगेन येथे प्रसिद्ध केलेल्या प्रमेयात मांडले आहे : प्रत्येक अखंड (हवा तितका लहान बदल करता येणाऱ्या) सममितीच्या पोटी एक अक्षय्य राशी असते. प्रयोग आज केला काय आणि उद्या केला काय, नियम तेच, म्हणून ऊर्जा अक्षय्य. इथे केला काय आणि चार हात पलीकडे केला काय, म्हणून संवेग अक्षय्य. यंत्र कोणत्याही दिशेला वळवले तरी फरक पडत नाही, म्हणून कोनीय संवेग अक्षय्य. विद्युत् भाराची अक्षय्यताही अशीच, फक्त तिच्यामागची सममिती अवकाशातली नसून तरंगफलनाच्या (क्वांटम सिद्धांतात कणाचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनाच्या) कलेतली, म्हणजे तरंगाच्या टप्प्यातली आहे.

प्रयोगशाळेत हे नियम जमाखर्चाच्या वहीसारखे वापरले जातात. काय घडते याइतकेच काय घडत नाही याकडेही लक्ष असते. ऊर्जा पुरेशी असून आणि भार जुळत असूनही एखादी प्रक्रिया कधीच दिसत नसेल, तर तिला अडवणारी आणखी एखादी राशी असली पाहिजे. बॅरिऑन अंक आणि विचित्रता या राशी अशाच हाती लागल्या.

बॅरिऑन अंक प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा +१, प्रतिप्रोटॉनचा (प्रोटॉनइतक्याच वस्तुमानाच्या, पण उलट भाराच्या कणाचा) −१ आणि पायॉन व केऑन हे अल्पायुषी कण, तसेच इलेक्ट्रॉन यांचा शून्य धरतात. या हिशेबामुळे एकटा प्रतिप्रोटॉन निर्माण करता येत नाही. त्याच्या जोडीला एक जादा प्रोटॉनही द्यावा लागतो. स्थिर प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून शेवटी तीन प्रोटॉन आणि एक प्रतिप्रोटॉन मिळवायचे, तर येणाऱ्या प्रोटॉनची गतिज ऊर्जा प्रोटॉनच्या वस्तुमान-ऊर्जेच्या सहापट, म्हणजे सुमारे ५,६३० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) लागते. नुसत्या वस्तुमानाचा हिशेब दुपटीतच भागतो. बाकीची चौपट ऊर्जा संवेग अक्षय्य ठेवण्यात, म्हणजे सगळ्या कणांना पुढे ढकलण्यात खर्ची पडते. बर्कलीचा बेव्हाट्रॉन हा त्वरक ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवूनच बांधला होता. सेग्रे आणि चेंबरलेन यांच्या गटाला तेथे १९५५ मध्ये प्रतिप्रोटॉन सापडला.

विचित्रतेचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पुढील प्रक्रिया द्रवरूप हायड्रोजनाच्या बुद्बुद कोठीत (भारित कणांचा माग बुडबुड्यांच्या रेघेने दाखवणाऱ्या उपकरणात) सहज दिसते; तीतला लॅम्डा हा प्रोटॉनहून जड, अल्पायुषी कण :

ऋण पायॉन + प्रोटॉन → लॅम्डा + उदासीन केऑन

भार : −१ + १ = ० + ०. बॅरिऑन अंक : ० + १ = १ + ०. या प्रक्रियेला पायॉनची गतिज ऊर्जा किमान ७७० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास लागते. केऑनऐवजी उदासीन पायॉन निघाला असता तर सुमारे २१५ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच काम झाले असते, भार आणि बॅरिऑन अंकही जुळले असते. तरीही ती स्वस्तातली वाट निसर्ग घेत नाही. १९५३ च्या सुमारास गेल-मान आणि निशिजिमा यांनी स्वतंत्रपणे याचा उलगडा केला : लॅम्डाची विचित्रता −१, या केऑनची +१, पायॉन-प्रोटॉनची शून्य, आणि प्रबल परस्परक्रियेत (अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलात) ही बेरीज बदलत नाही. म्हणून विचित्र कण जोडीनेच जन्मतात.

मरतात मात्र एकेकटे. लॅम्डाचा ऱ्हास प्रोटॉन व ऋण पायॉन यांत होतो तेव्हा विचित्रता −१ वरून ० होते. हे काम फक्त दुर्बल परस्परक्रिया (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर टाकणारा बीटा ऱ्हास घडवणारी) करू शकते आणि ती संथ आहे. लॅम्डाचे सरासरी आयुष्य २.६ गुणिले १० चा उणे १० वा घात इतके सेकंद भरते. प्रबल परस्परक्रियेने हाच ऱ्हास १० च्या उणे २३ व्या घाताच्या आसपासच्या सेकंदांत उरकला असता. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारा लॅम्डा एवढ्या अवधीत काही सेंटीमीटर अंतर कापतो. तो उदासीन असल्याने त्याचा माग उमटत नाही. छायाचित्रात पायॉनची रेघ अचानक संपलेली दिसते, मग थोडी मोकळी जागा, आणि पुढे दोन फाट्यांचे बेचके उघडते.

घोळ होतो तो इथेच. उदासीन केऑनही दोन पायॉनांत मोडून असेच बेचके काढतो. म्हणून दोन्ही फाट्यांचे संवेग चुंबकीय क्षेत्रातील वक्रतेवरून मोजतात आणि धन फाटा एकदा प्रोटॉन, एकदा पायॉन समजून मूळ कणाचे वस्तुमान काढतात. उत्तर १,११६ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ आले तर लॅम्डा, ४९८ च्या जवळ आले तर केऑन. काही बेचकी मापनाच्या त्रुटीत दोन्हीकडे बसतात. ती वेगळी काढावी लागतात. संवेगाची बेरीज जुळली नाही तर अक्षय्यता मोडली असे कोणी म्हणत नाही, न दिसलेला उदासीन कण शोधतात. १९३० मध्ये बीटा ऱ्हासात ऊर्जा कमी भरते म्हणून पाउली यांनी न्यूट्रिनो सुचवला तो याच रीतीने. त्या वेळी बोर मात्र ऊर्जेची अक्षय्यताच सोडून द्यायला तयार झाले होते.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना एकाच कणाची दोन रूपे मानणारा आयसोस्पिन प्रबल परस्परक्रियेपुरताच खरा, आणि तोही अंदाजे : प्रोटॉन-न्यूट्रॉन यांच्या वस्तुमानांत १.२९ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहेच.

खंडित सममितींत (आरशासारख्या, ज्यांत मधली पावले नसतात अशा) सर्वांत मोठा धक्का समतेने, म्हणजे आरशातील प्रतिमेच्या सममितीने दिला. आरशातली घटनाही निसर्गात तितकीच शक्य असते, असे १९५६ पर्यंत गृहीतच धरले जात होते. त्या वर्षी ली आणि यांग यांनी दाखवून दिले की दुर्बल परस्परक्रियेबाबत हे कोणी तपासलेलेच नाही. चिएन-शिउंग वू यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत अँब्लर व सहकाऱ्यांसह ही तपासणी केली. प्रयोगामागची कल्पना भोवऱ्यावरून कळते. फिरत्या भोवऱ्याशेजारी आरसा उभा धरला तर प्रतिमा उलटी फिरते, पण वर उडालेला कण आरशातही वरच जातो. तेव्हा अणुकेंद्रांचे परिवलन एका दिशेला लावून त्यांच्या बीटा ऱ्हासातून वर आणि खाली जाणारे इलेक्ट्रॉन मोजायचे; संख्या असमान निघाली तर समता मोडली.

अडचण होती ती केंद्रे एका दिशेला लावण्याची. उष्णतेने ती विस्कटतात, म्हणून तापमान शून्य केल्व्हिनच्या वर सुमारे एक शतांश अंशावर आणावे लागले. सेरियम मॅग्नेशियम नायट्रेटच्या स्फटिकावर कोबाल्ट-६० चा अतिशय पातळ थर वाढवला होता, कारण थर जाड असता तर इलेक्ट्रॉन आतच अडकून दिशा हरवून बसले असते. इलेक्ट्रॉन मोजणारा अँथ्रासीनचा स्फटिक शीतपात्राच्या आतच बसवावा लागला आणि त्याचा प्रकाश लांब पारदर्शक दांड्यातून बाहेरच्या नळीपर्यंत आणला. थर काही मिनिटांतच तापे, आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनांची असमानताही नाहीशी होई. गॅमा किरणांवरून मोजलेली केंद्रांची शिस्तही त्याच वेळी मोडे. दोन्ही गोष्टी बरोबरच ओसरतात, हाच पुराव्याचा गाभा. इलेक्ट्रॉन परिवलनाच्या उलट दिशेला जास्त जात होते. ली-यांग यांना १९५७ चे नोबेल मिळाले, वू यांना नाही. ही वगळणूक आजही खटकते.

आरसा आणि कण-प्रतिकण अदलाबदल एकत्र केली तर सममिती टिकेल, ही आशा १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांच्या ब्रुकहेवन येथील प्रयोगाने संपवली. दीर्घायुषी उदासीन केऑन हजारात सुमारे दोनदा, या एकत्रित सममितीने निषिद्ध अशा दोन पायॉनांत मोडतो. आरसा आणि अदलाबदल यांत काळाचा उलटा प्रवाहही मिसळला की होणारी तिहेरी सममिती मात्र आजवरच्या सर्व मोजमापांत टिकली आहे.

लेप्टॉनांच्या (इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ आणि त्यांचे न्यूट्रिनो यांच्या) तीन कुळांचे वेगवेगळे अंक न्यूट्रिनोंच्या एका कुळातून दुसऱ्यात होणाऱ्या रूपांतरामुळे अक्षय्य नाहीत, हे सिद्ध झाले आहे. बॅरिऑन अंकाची गोष्ट अधिक अवघड आहे. विद्युत् भारामागे विद्युत्चुंबकीय क्षेत्र उभे आहे. बॅरिऑन अंकामागे तसे कोणतेही क्षेत्र नाही, म्हणून तो कधीतरी मोडेल अशी शंका भौतिकीविदांना असते. मोडला तर प्रोटॉनचा ऱ्हास होईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह कोलार सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, १९८० च्या दशकात हा शोध घेतला. लोखंडी पत्र्यांच्या थरांमध्ये गणक बसवलेला तो शोधक सुमारे १४० टनांचा होता. एवढ्या वस्तुमानात ८ गुणिले १० चा ३१ वा घात इतके प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात; आयुर्मान १० चा ३१ वा घात इतकी वर्षे असते तर वर्षाला जेमतेम आठ ऱ्हास झाले असते. खडकाची जाडी विश्वकिरणांतील म्यूऑन बहुतांशी थोपवते, पण वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो खोल खाणीतही पोचतात आणि त्यांच्या टकरी प्रोटॉन-ऱ्हासासारख्याच दिसू शकतात. काही संभाव्य घटना कोलारला नोंदल्या गेल्या, पण मोठ्या शोधकांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. जपानमधील सुपर-कामिओकांडे या ५०,००० टन पाण्याच्या शोधकानुसार पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि उदासीन पायॉन या मार्गाने होणाऱ्या ऱ्हासासाठी प्रोटॉनचे आयुर्मान १० चा ३४ वा घात इतक्या वर्षांहून जास्त आहे.