पीएचडी आणि वर सहा वर्षं: अनुदान-अधिकाऱ्याच्या पात्रतेमागचा इतिहास

मूलभूत संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये भूविज्ञानाच्या अनुदानांसाठी प्रोग्रॅम डायरेक्टर, म्हणजे अनुदान-अधिकारी, नेमताना जाहिरातीतली अट वर्षानुवर्षं जवळपास तीच राहिली आहे: संबंधित विषयात पीएचडी, आणि त्यानंतर सहा किंवा अधिक वर्षांचा संशोधनाचा, संशोधन-प्रशासनाचा अथवा व्यवस्थापनाचा अनुभव. काम तसं पाहिलं तर फायलींचंच. प्रस्ताव वाचायचे, परीक्षक शोधायचे, त्यांचे शेरे तोलायचे, शिफारस लिहायची. एवढ्यासाठी मुरलेला संशोधकच का हवा, याचं उत्तर महायुद्धानंतरच्या एका वादात सापडतं.

1945 साली, युद्धकाळात सरकारी संशोधनाची धुरा सांभाळणारे व्हॅनेव्हार बुश यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना अहवाल दिला. सरकारने मूलभूत संशोधनाला पैसा द्यावा, पण तो कुठे जावा हे जाणकारांवर सोडावं, असा त्याचा रोख होता. पैसा जनतेचा आणि जाब मात्र कुणालाच विचारता येत नाही, हे ट्रूमन यांना पटलं नाही. संस्थेचा संचालक अर्धवेळ सदस्यांच्या समितीने नेमावा, अशी तरतूद असलेलं विधेयक त्यांनी 1947 मध्ये नाकारलं. 10 मे 1950 रोजी कायदा झाला तेव्हा संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्षांकडे गेली. वैज्ञानिकांच्या पदरातही काही पडलं: तांत्रिक पदं नेहमीच्या सरकारी भरतीच्या चौकटीबाहेर भरण्याची मुभा. पहिले संचालक ॲलन वॉटरमन नौदलाच्या संशोधन कार्यालयातून आले होते. विषय स्वतः जाणणाऱ्या माणसाच्या हाती अनुदानं सोपवायची, ही तिथली रीत इथेही रुजली.

भूविज्ञानात या व्यवस्थेची खरी कसोटी समुद्रतळात खोल भोक पाडण्याच्या मोहोल प्रकल्पात लागली. 1957 मध्ये फाउंडेशनच्या भूविज्ञान समितीपुढे प्रस्तावांचा ढीग होता. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि भूवैज्ञानिक हॅरी हेस हे दोघेही त्या समितीवर. प्रस्ताव चांगले होते, पण विषयाला नवं वळण देईल असा एकही नाही, ही मंक यांची खंत. त्यातूनच समुद्रतळातून थेट प्रावरणापर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरापर्यंत, भोक पाडण्याची कल्पना निघाली. 1961 मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ साडेतीन किलोमीटर पाण्याखाली तळात 183 मीटरपर्यंत छिद्र गेलं आणि खाली बेसॉल्ट लागला. कामगिरी लाजवाबच होती. पुढचा टप्पा मात्र कंत्राट, वाढत्या खर्चाचे अंदाज आणि राजकारण यांत रुतला, आणि 1966 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पैसा बंद केला. विज्ञान कळणं वेगळं आणि प्रकल्प हाकणं वेगळं, हे यातून महागात शिकायला मिळालं. पात्रतेच्या अटीत संशोधनाशेजारी ‘व्यवस्थापन’ हा शब्द दिसला की मला तरी मोहोल आठवतो. दोन वर्षांनी, 1968 मध्ये, समुद्रतळात छिद्रं पाडणारं ग्लोमार चॅलेंजर जहाज निघालं. त्याची उद्दिष्टं मोजकी होती आणि ती साधलीही.

1970 च्या दशकात आणखी एक वाट खुली झाली. इंटरगव्हर्न्मेंटल पर्सोनेल ॲक्ट या, बाहेरच्या संस्थांतली माणसं काही काळासाठी सरकारी कामावर घेऊ देणाऱ्या कायद्यामुळे विद्यापीठातला प्राध्यापक आपली नोकरी न सोडता दोन वर्षांसाठी फाउंडेशनमध्ये येऊ लागला. मुदत वाढवून मिळाली तर चार वर्षं. अशांना तिथे ‘रोटेटर’ म्हणतात. काल स्वतः प्रस्ताव पाठवणारा आज दुसऱ्यांचे प्रस्ताव चाळतो. विषयाची ताजी जाण मिळते, पण हितसंबंधांचा प्रश्नही त्यासोबत येतोच. म्हणून स्वतःच्या विद्यापीठाचा, जवळच्या सहलेखकाचा किंवा आपल्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव आला की त्याला बाजूला व्हावं लागतं. भूकंपशास्त्रासारख्या विषयात, जिथे अर्धी मंडळी एकमेकांसोबत शोधनिबंध लिहून बसलेली असतात, हे बोलण्याइतकं सोपं नाही.

आणि एवढी पात्रता असूनही या पदाकडे अधिकार असतो तो शिफारशीचा. त्यावर विभागप्रमुखाची संमती लागते, आणि अनुदानाच्या पत्रावर सही होते ती करारांचं काम पाहणाऱ्या दुसऱ्याच कार्यालयातून.