म्हातारपणी पाठीला जखमा ‘होणारच’? नाही!

सोलापुरात वृद्धाश्रमात आईवडिलांना भेटून आलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “वय झालंय, पडून असतात, पाठीला जखमा होणारच.” हे खरं नाही. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या या जखमा, नुसत्या वयामुळे होत नाहीत. माकडहाड, खुबा, टाच इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच इजा सुरू होते. म्हणून साधारण दर २ तासांनी कूस बदलून द्यायची असते. अखेरच्या आजारपणात काही जखमा काळजी घेऊनही होतात. पण बहुतेक टाळता येतात.

भेटायला गेलात की पांघरूण बाजूला करून टाचा बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. ती क्षणभर फिकी पडली नाही, तर सुरुवात झालीय. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. तिथे तेल मात्र चोळू नका, आतली इजा वाढते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाने ओली झालेली चादर अंगाखाली तशीच राहिली, तर कातडी आणखी लवकर सोलवटते.

कूस बदलल्याची नोंद मागा. टाळाटाळ झाली, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.