‘उदयोन्मुख’ कोणाला म्हणायचं? विकसनशील देशांतल्या गुंतवणुकीची पार्श्वभूमी

८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव थांबले. माल होता, परदेशात गिऱ्हाईक होतं, वाट बंद होती. बंदी उठली ती ४ मे २०२४ला, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून. झपाट्याने वाढणाऱ्या देशांच्या शेअरबाजारात पैसा घालणाऱ्याची खरी जोखीम याच जातीची आहे. देश वाढतो का, हे तो बघतो; आपला पैसा हवा तेव्हा बाहेर काढता येईल का, हे बघायचं राहून जातं.

‘उदयोन्मुख बाजार’, म्हणजे इंग्रजीतला ‘इमर्जिंग मार्केट’, हा शब्द १९८१चा. विकसनशील देशांच्या शेअर्ससाठी एका फंडाची कल्पना मांडली गेली, त्यात ‘थर्ड वर्ल्ड’ हे शब्द होते. असल्या नावाने कोण पैसे देईल, असा आक्षेप आला आणि नवं नाव शोधलं गेलं. म्हणजे शब्द जन्मला तो विक्रीच्या गरजेतून. तेव्हापासून तो वाढीची ग्वाही देत असल्यासारखा वापरला जातो, आणि मला ते घातक वाटतं.

कारण उदयोन्मुख देशांच्या यादीत कोण बसणार हे निर्देशांक, म्हणजे फंड ज्यांच्या आधारे शेअर घेतात अशा याद्या, बनवणाऱ्या खासगी कंपन्या ठरवतात. त्या उत्पन्न पाहतात, पण बाजारात शिरणं-निघणं किती सोपं आहे यालाही तेवढंच वजन देतात. दक्षिण कोरियाचंच घ्या. दरडोई उत्पन्नात तो जपानच्या बरोबरीला आला आहे. लंडनच्या एफटीएसई या निर्देशांक कंपनीने त्याला २००९मध्येच विकसित गटात घेतलं. न्यूयॉर्कच्या एमएससीआय या कंपनीने २०२५च्या आढाव्यातही उदयोन्मुखच ठेवलं. तिची मुख्य तक्रार म्हणजे कोरियन चलनाचा व्यवहार देशाबाहेर मोकळेपणी होत नाही. त्यामुळे एकाच नावाचे दोन फंड घेतले तर एकात मेमरी चिप बनवणाऱ्या कोरियन कंपन्या भरपूर, दुसऱ्यात एकही नाही. द्राक्षांच्या पेटीवर प्रतीचा शिक्का एकच आणि आत माल वेगळा, असं निफाडचा बागायतदार चालवून घेणार नाही. ग्रीसला तर २०१३मध्ये विकसित गटातून खाली उतरवलं गेलं.

वाढ आणि परतावा यांचीही गल्लत होते. १९९२ अखेरीपासून चीनची अर्थव्यवस्था कित्येक पटींनी वाढली. तरी परदेशी गुंतवणूकदार वापरतात तो चिनी शेअर्सचा डॉलरमधला निर्देशांक, लाभांश सोडून, २०२४च्या सुरुवातीला १९९२ अखेरच्या पातळीच्याही खाली होता. कंपन्या नवे शेअर काढत राहिल्या, जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होत गेला. २०२१च्या जुलैमध्ये चीनमध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्यास मनाई झाली आणि त्या कंपन्यांचे शेअर कोसळले.

१९९७चं थायलंडचं चलनसंकट आणि त्यापुढच्या वर्षीची रशियाची कर्जबुडवी हा भाग जाणत्यांना ठाऊक आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतरचं मार्च २०२२चं प्रकरण अजून ताजं आहे. मॉस्कोचा बाजार बंद, परदेशी माणसाला विक्रीची मुभा नाही. निर्देशांकातून रशियन शेअर जवळजवळ शून्य भावाने काढले गेले. तेलाच्या विहिरी होत्या तिथेच होत्या.

वाट आपल्या बाजूनेही बंद होते. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशी शेअर्ससाठी सगळ्यांची मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, २००८पासून तीच. फेब्रुवारी २०२२मध्ये ती भरत आली आणि अनेक परदेशी योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं. चीन स्वस्त झाला तेव्हा, म्हणजे नेमक्या घेण्याच्या वेळी, कित्येकांना हप्ता भरता आला नाही.

आता आपण दुसऱ्या बाजूलाही उभे आहोत. जून २०२४पासून भारताचे सरकारी रोखे एका जागतिक निर्देशांकात घेतले गेले; त्यातला भारताचा वाटा दरमहा एक टक्का या गतीने वाढत मार्च २०२५पर्यंत १० टक्के झाला. यादी पाहून आलेला हा पैसा यादी बदलली की त्याच रस्त्याने परत निघतो, आणि तेव्हा रुपयाचा भाव आपल्या खतापासून गॅसपर्यंत सगळीकडे जाणवतो.